विज्ञानाच्या परीक्षेतील गुणदान आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी बीड येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी केवळ मॅट्रिक झालेला व पुढे शिक्षकी पदविका घेतलेला मनुष्य. या जिल्ह्यातील खेडोपाडीच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षे मुलांना विज्ञान व गणित शिकविले. माझे वर्ग सातवीपर्यंतचे. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा अधिकार मला कधी नव्हता. तथापि निकाल लागला की गुणपत्रिका हाती घेऊन माझ्या ओट्यावर येणारे पालक मी दरवर्षी पाहत आलो आहे. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. “गुरुजी, पोराने पेपर तर चांगला लिहिला होता, मग विज्ञानात एवढे कमी गुण कसे?” या प्रश्नाचा शोध घेता घेता जे थोडेफार उमगले, ते आपणांपुढे नम्रपणे ठेवावे एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, प्रश्नपत्रिका कठीण निघाली म्हणजे अन्याय झाला, असे मी मानीत नाही. विज्ञान हा विषयच असा आहे की त्यात पाठांतराच्या पुढे जावे लागते, आणि पुढे कोण जाऊ शकतो हे पाहण्यास चार प्रश्न अवघड असावेच लागतात. परंतु प्रश्न जितका अवघड, तितके त्याचे उत्तर अर्धेमुर्धे येण्याचा संभव अधिक; आणि अर्ध्यामुर्ध्या उत्तराला किती गुण द्यावयाचे, येथेच न्याय-अन्यायाचा सारा प्रश्न उपस्थित होतो. संपूर्ण बरोबर उत्तराला सर्वच परीक्षक सारखे गुण देतात. कोऱ्या पानालाही सर्व जण सारखेच, म्हणजे शून्य देतात. मतभेद होतो तो मधल्या मुलाच्या बाबतीत, आणि आपल्या घरांतील बहुसंख्य मुले ही मधलीच असतात.

एक उदाहरण घेऊ. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये भिंगांचे प्रकरण आहे. समजा, असा प्रश्न आला की, बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर असून वस्तू भिंगापासून १५ सेंटिमीटरवर ठेवली आहे. तर प्रतिमा कोठे मिळेल? गुण तीन. विद्यार्थ्याने सूत्र अचूक लिहिले. पण चिन्हांच्या संकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण धरावयाचे असते, ते त्याने धन धरले. पुढची आकडेमोड बिनचूक केली. खरे उत्तर ३० सेंटिमीटर. याचे आले ६ सेंटिमीटर. आता याला गुण किती? एक परीक्षक म्हणेल, उत्तर चुकले, शून्य. दुसरा म्हणेल, सूत्र बरोबर आहे, एक गुण. तिसरा म्हणेल, सूत्र बरोबर, किंमत घालताना एकच चिन्ह चुकले, पुढची कृती निर्दोष आहे, दोन गुण. तिघेही प्रामाणिक, तिघेही अनुभवी. उत्तरपत्रिका मात्र एकच, आणि ती कोणाच्या गठ्ठ्यात गेली यावर मुलाचे दोन गुण अवलंबून. चाळीस गुणांच्या पत्रिकेत असे तीन प्रश्न निघाले तर सहा गुणांचे अंतर पडते. कोणाला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळावयाचा आणि कोणाला नाही, हे सहा गुणांत ठरू शकते.

ही काही आपल्याच देशाची व्यथा आहे असे समजू नये. अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास स्टार्च आणि एलियट या दोन अभ्यासकांनी एक प्रयोग केला. एकाच विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती त्यांनी शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठविल्या. प्रथम भाषेची उत्तरपत्रिका घेतली. तीत गुणांचा फरक पडला तेव्हा लोक म्हणाले, भाषेत आवडनिवड चालते. गणितासारख्या नेमक्या विषयात असे होणार नाही. म्हणून त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिला कोणी शंभरांपैकी तिसाच्याही खाली गुण दिले, तर कोणी नव्वदाच्या वर. भूमितीतला फरक भाषेपेक्षाही मोठा निघाला! कारण उघड आहे. एकाने केवळ अखेरचे उत्तर पाहिले, दुसऱ्याने कृती पाहिली, तिसऱ्याने आकृतीची सुबकता आणि नीटनेटकेपणाही हिशेबात धरला. काय मोजावयाचे हेच आधी ठरले नव्हते. मग मापे जुळणार कशी?

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या परीक्षा मंडळाने स्वीकारलेला आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ च्या प्रारंभी अस्तित्वात आले. आपला बीड जिल्हा त्याच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, विभागाकडे येतो. मंडळाच्या पद्धतीत परीक्षकाच्या वर नियामक असतो आणि त्याच्याही वर मुख्य नियामक. नमुना उत्तरे ठरलेली असतात व कोणत्या पायरीला किती गुण हेही ठरलेले असते. परीक्षकाने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो, म्हणजे कोणाचा हात फार सढळ वा फार आखडता असेल तर तो वेळीच लक्षात यावा. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, त्यामुळे ती कोणाची हे परीक्षकास कळू नये अशी योजना आहे. मंडळाला उठल्यासुटल्या दोष देणाऱ्यांनी ही व्यवस्था प्रथम समजून घ्यावी, असे मला वाटते. लक्षावधी उत्तरपत्रिका थोड्या आठवड्यांत तपासावयाच्या, त्याही दिवसाची शाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांकडून. हे काम सोपे नव्हे.

तथापि व्यवस्था कितीही चांगली असली तरी तीत माणसेच काम करतात, आणि माणसाच्या नजरेतून एखादे पान निसटू शकते. म्हणून न्यायाची दुसरी अट अशी की, ज्याला गुण मिळाले त्याला ते का मिळाले हे पाहता आले पाहिजे. गुण देणाऱ्याला त्याचे कारण दाखविता आले, म्हणजेच तो गुण न्याय्य ठरतो. आणि बंधू-भगिनींनो, आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हा साधा अधिकारही आपल्या मुलांना फार उशिरा लाभला आहे. त्याचा इतिहास सर्वांनी ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

पूर्वी आपल्या मंडळाच्या नियमांत केवळ गुणपडताळणीची सोय होती. म्हणजे सर्व उत्तरांना गुण दिले आहेत ना आणि बेरीज बरोबर आहे ना, एवढेच तपासून मिळे. उत्तरपत्रिका पाहावयास मिळत नसे व फेरतपासणीही होत नसे. या नियमाविरुद्ध काही विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तेथे त्यांच्या बाजूने निर्णय झाला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम वैध ठरविला. हजारो विद्यार्थी उत्तरपत्रिका पाहण्यासाठी व पुन्हा तपासून घेण्यासाठी येऊ लागले तर निकाल कधी अंतिमच व्हावयाचा नाही, आणि शिक्षणक्षेत्रातील जाणत्यांनी विचारपूर्वक केलेल्या नियमांत न्यायालयाने सहसा हात घालू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण पुढे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला आणि परिस्थिती पालटली. २०११ च्या ऑगस्टमध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे व परीक्षार्थीला ती पाहण्याचा आणि तिची प्रत मिळविण्याचा हक्क आहे. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त राहील. १९८४ पासून २०११ पर्यंत सत्तावीस वर्षे गेली. त्या काळात जी मुले दहावी-बारावी झाली, त्यांपैकी कित्येक आज या मंडपात पालक म्हणून बसली आहेत.

आपल्या राज्य मंडळातही आता निकालानंतर तीन मार्ग आहेत. पहिला गुणपडताळणीचा, दुसरा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा, आणि तिसरा पुनर्मूल्यांकनाचा. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. हे पाच दिवस फार मोलाचे असतात. शहरातील सुशिक्षित घरात वडील किंवा काका उत्तरपत्रिका वाचतात, विषयशिक्षकांना दाखवितात व निर्णय घेतात. पण ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या आई-बापाने त्या छायाप्रतीचे काय करावे? त्यांना ती वाचता येत नाही, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते, आणि पाच दिवस पाहता पाहता निघून जातात. अधिकार कागदावर सर्वांचा सारखा असतो. तो वापरण्याचे बळ मात्र सारखे नसते.

येथे एक अनुभव सांगतो. आपल्याच समाजातील एक मुलगा विज्ञानात कमी गुण पडले म्हणून अन्नपाणी सोडून बसला होता. आपल्यावर अन्याय झाला, ही त्याची पक्की समजूत. आम्ही दोन-तीन निवृत्त शिक्षकांनी मिळून त्याची छायाप्रत मागविली आणि त्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचली. गुण योग्यच दिलेले होते. मग कमी का पडले? आकृत्या सुरेख काढल्या होत्या, पण एकीलाही नावे दिलेली नव्हती. उदाहरणांची उत्तरे बरोबर होती, पण एककच लिहिलेले नव्हते. ‘शास्त्रीय कारणे द्या’ म्हटले तेथे कारणाऐवजी व्याख्या लिहिली होती. मुलाने सर्व पाहिले आणि त्याच्या मनातील कडवटपणा तेथल्या तेथे निवळला. गुण एकही वाढला नाही. परंतु जग आपल्याविरुद्ध नाही, हे त्याला उमगले. अकरावीत तोच मुलगा एकक लिहिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जात नसे. उत्तरपत्रिका पाहावयास मिळणे हा निम्मा न्याय आहे असे मी म्हणतो, तो या अर्थाने.

आता कठीण परीक्षेचे दुसरे एक अंग पाहू. कधी कधी वाद परीक्षकाच्या हाताचा नसतो. प्रश्नच वादाचा असतो. ५ मे २०२४ रोजी झालेली वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. आपल्या जिल्ह्यातील शेकडो मुले त्यासाठी लातूरच्या शिकवणी वर्गांत जाऊन राहतात. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळावी म्हणून आई-बाप शेत गहाण टाकतात. त्या परीक्षेत भौतिकशास्त्राचा अणूविषयी एक प्रश्न होता. केंद्रीय पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, अशा आशयाचे विधान होते. नव्या आवृत्तीत ते सुधारून, बहुतेक मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात, असे केलेले होते. जुन्या पुस्तकावरून एक पर्याय बरोबर ठरे, नव्यावरून दुसरा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रथम दोन्ही पर्याय ग्राह्य धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तील तिघा तज्ज्ञांचे मत मागविले व एकच पर्याय बरोबर ठरला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले. बरोबर उत्तराचे चार आणि चुकीबद्दल वजा होणारा एक. पैकीच्या पैकी गुण मिळविणारे प्रारंभी ६७ होते, ते अखेरच्या निकालात १७ उरले.

येथे न्याय कोणता? विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर निर्णय योग्यच आहे. रेडियमचा अणू स्थिर नसतो हे सत्य आहे, आणि जुने पुस्तक काहीही म्हणो, सत्य एकच असते. पण थोरल्या भावाचे जुने पुस्तक वापरून अभ्यास करणाऱ्या मुलाचा विचार करा. आपल्या घरांतून पुस्तके अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि त्यात गैर काही नाही. त्या मुलाचे ज्ञान कमी नव्हते. त्याच्या पुस्तकाची आवृत्ती जुनी होती. म्हणून मला वाटते की, उत्तर ठरविताना सत्यालाच मान द्यावा. पण प्रश्न काढताना मात्र काढणाऱ्याने दहादा विचार करावा. अवघड प्रश्न आणि संदिग्ध प्रश्न यांत महदंतर आहे. अवघड प्रश्न मुलाची परीक्षा घेतो. संदिग्ध प्रश्न त्याच्या दैवाची. आणि आपण पालकांनी यातून एवढा व्यावहारिक धडा घ्यावा की, जुनी पुस्तके खुशाल वापरावीत, पण नव्या आवृत्तीशी ती एकदा ताडून पाहावीत.

भाषेचाही प्रश्न यात गुंतलेला आहे. निजामी राजवटीत या जिल्ह्यातील वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला विज्ञानातील शब्द परके वाटत. आज ‘सेमी इंग्रजी’ वर्गांत आपली मुले विज्ञान इंग्रजीतून लिहितात. परावर्तन आणि अपवर्तन यांतील भेद ज्याला नीट कळला आहे, त्याचाही इंग्रजी शब्दांत गोंधळ होतो, आणि तपासणाऱ्यापुढे तर केवळ लिहिलेला शब्द असतो. माझी सूचना साधी आहे. मुलाने घरी प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत, अर्थासह, वहीत उतरवावी. यामुळे शब्दासाठी जाणारे गुण पुष्कळ अंशी वाचतील.

येथवर परीक्षकांविषयी बोललो. आता जरा आपल्या स्वतःकडे वळू या. गुणदानातील सर्वांत मोठा अन्याय परीक्षकाच्या टेबलावर होत नसून, कित्येकदा आपल्या संमतीने, आपल्या गावातच होतो.

विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे आणि वीस प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिकाचे गुण शाळेत दिले जातात. मुलाने प्रयोग हाताने करावा, निरीक्षण नोंदवावे, हे त्यामागील प्रयोजन. पण कित्येक ठिकाणी घडते काय? एका शाळेत मी स्वतः पाहिले की, प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप गंजले होते आणि वर्गातील एकूण एक मुलांना एकोणीस किंवा वीस गुण पडले होते. उत्तीर्ण होण्यास पस्तीस लागतात. वीस असे मिळाले तर लेखीच्या ऐंशीपैकी पंधरा पुरतात. पालक खूष, शाळेचा निकाल उत्तम. पण यात ज्या मुलीने खरोखर लिटमस कागद बुडवून रंग पाहिला, लोलकातून प्रकाशाचे सात रंग भिंतीवर पाडून वहीत टिपले, तिला काय मिळाले? तेच वीस, जे लोलक न पाहिलेल्यालाही मिळाले. सर्वांना सारखेच मोठे माप घातले की ते मापच राहत नाही. ही उदारता वरून दया वाटते; खाली तिच्यात कष्टाळू मुलाची वंचना असते.

तीच गोष्ट कॉपीची. परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणाऱ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, तेव्हा आपण हसून पान उलटतो. २०२३ साली आपल्याच विभागात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या साडेतीनशेंहून अधिक उत्तरपत्रिकांत दुसरेच हस्ताक्षर आढळले आणि विद्यार्थ्यांना चौकशीसाठी जावे लागले. कोणाच्या तरी उत्तरात परके अक्षर शिरते, तेव्हा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाच्या गुणांवरही लोकांचा विश्वास राहत नाही. मराठवाड्याची गुणपत्रिका पाहून पुण्या-मुंबईचा मनुष्य भुवया उंचावतो, त्याची झळ आपल्या खऱ्या हुशार मुलांना बसते. ज्याला गुणदान न्याय्य हवे, त्याने परीक्षकाच्या गावी ओळख काढीत फिरू नये आणि केंद्राच्या भिंतीपाशीही दिसू नये.

आणि आता, अध्यक्षमहाशयांची क्षमा मागून, आपल्या मंडळाच्या गुणगौरवाविषयी दोन शब्द बोलतो. आपण दरवर्षी पंचाहत्तर टक्क्यांची अट ठेवून विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. हेतू उदात्त आहे. परंतु हेही एक प्रकारचे गुणदानच आहे, आणि त्यालाही न्यायाची कसोटी लावली पाहिजे. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद केलेले होते, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के होता. चार वर्षांत मुले एकदा मंद आणि एकदा एकदम बुद्धिमान झाली, असे कोणी म्हणेल काय? मोजण्याची पट्टी बदलली, एवढेच. मग २०१९ साली बहात्तर टक्के मिळविणारी मुलगी आपल्या मंडपात प्रेक्षकांत बसावी आणि दोन वर्षांनी परीक्षा न देता ऐंशी टक्के मिळविणाऱ्याच्या गळ्यात हार पडावा, हे एकाच पंचाहत्तरच्या रेघेमुळे घडू शकते.

शिवाय २०१० पासून दहावीची टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांवर काढण्याची पद्धत आली. सर्वोच्च न्यायालयानेही ती त्याच वर्षी मान्य केली. त्यामुळे ज्याला विज्ञानात कमी गुण आहेत त्याची टक्केवारी विज्ञान वगळून उत्तम दिसू शकते, आणि ज्याने विज्ञानात कष्ट घेतले ते आपल्या यादीत दिसतच नाहीत. शहरात राहून वेगळ्या मंडळाची परीक्षा देणारी आपली मुले याच यादीत बसविणे, हा आणखी एक पेच.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी चार सूचना विचारार्थ ठेवतो.

पहिली : सत्कारासाठी कायमची टक्केवारीची रेघ न ठेवता, त्या त्या वर्षी आपल्या समाजातून बसलेल्या मुलांपैकी पहिली अमुक मुले, अशी पद्धत घ्यावी, आणि वेगवेगळ्या परीक्षा मंडळांच्या याद्या वेगळ्या कराव्यात. एका पट्टीने मोजलेल्यांचीच तुलना व्हावी.

दुसरी : मंडळाच्या शिल्लक रकमेतून एक छोटा ‘उत्तरपत्रिका निधी’ काढावा. ज्या कुटुंबास छायाप्रतीचे व पुनर्मूल्यांकनाचे शुल्क जड जाते, त्यांचे ते या निधीतून भरावे. निकालानंतरच्या दिवसांत आपल्या समाजातील निवृत्त शिक्षकांनी रोज दोन तास मंडळाच्या कार्यालयात बसावे व छायाप्रती मुलांसह वाचाव्यात. गुण वाढण्याचा संभव दिसला तर अर्ज करावा. नसेल तर मुलाला तसे समजावून सांगावे. त्यात माझे दोन तास धरूनच चालावे.

तिसरी : विज्ञान प्रात्यक्षिकाचे एक पारितोषिक ठेवावे. मुलाने तीन परीक्षकांसमोर एक प्रयोग करून दाखवावा. तिघांनी एकमेकांस न विचारता गुण द्यावेत. आणि प्रत्येकाने आपल्या गुणाचे कारण मुलाला तेथेच सांगावे. न्याय्य गुणदान म्हणजे काय हे आपल्या मुलांना आपल्याच अंगणात पाहावयास मिळेल.

चौथी, आणि ही प्रत्येक घरासाठी : निकालाच्या दिवशी मुलाला “किती पडले?” एवढेच विचारून थांबू नये. “काय आले आणि काय आले नाही?” हेही विचारावे. विज्ञानात पन्नास गुण मिळालेला मुलगा आपले पन्नास कोठे गेले हे सांगू शकत असेल, तर त्याची वाट बंद झालेली नाही. शासनाच्या २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर अशीही सूचना होती की, गणित-विज्ञानात वीस ते पस्तीसच्या दरम्यान गुण मिळविणाऱ्यास पुढील वर्गात जाऊ द्यावे, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा व त्याला पुढे त्या विषयांकडे जाता येऊ नये. ही सूचना मुलाचे वर्ष वाचविणारी आहे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पडलेला शेरा माणसाला जन्मभर पुरतो, हेही आपण विसरू नये. ज्या मुलाची पायरी न् पायरी पाहून गुण दिले गेले आहेत, त्याच्यावरच असा शेरा मारण्याचा हक्क कोणास पोचतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे. कठीण प्रश्न दिसला की पान कोरे सोडू नका. सूत्र आठवत असेल तर सूत्र लिहा, आकृती येत असेल तर नावांसह आकृती काढा, जेवढ्या पायऱ्या येतात तेवढ्या स्वच्छ मांडा. परीक्षक तुमच्या मनातील ज्ञानाला गुण देऊ शकत नाही. कागदावर उतरलेल्यालाच देऊ शकतो. आपली बाजू कागदावर मांडणे हे तुमचे काम. ती नीट वाचणे हे परीक्षकाचे. आणि ती नीट वाचली गेली की नाही हे पाहण्याचे साधन तुमच्या हाती देणे, हे आम्हां वडीलधाऱ्यांचे व या मंडळाचे काम आहे.

 सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. आणि ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही त्या मुला-मुलींनी पुढील रविवारी आपापल्या उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे यावे, असे अगत्याचे निमंत्रण देऊन आपली रजा घेतो. नमस्कार.